रोशनीचा चेहरा आणि साधे ओट्स

म्हसावद,
दि. २४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. चारूस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि तेवढाच राग. वि. वि.

तुझ्या मोलगीत फोन लागत नाही, लागला तर अर्धाच ऐकू येतो. म्हणून हे पत्र तुमच्याकडे फेऱ्या मारणाऱ्या पितांबरच्या जीपमधून पाठवते आहे. तू नर्स झालीस तेव्हा वाटलं होतं, घरात एक जाणकार झाली. कसली जाणकार! रोशनीच्या गालांची आग होतेय, कातडी सुटतेय म्हणून तुला विचारलं, तर “ओट्स लाव” एवढं बोललीस आणि फोन तुटला.

तुझे जिजाजी शहाद्याहून ओट्सचं पाकीट घेऊन आले. मी ते भिजवून पोरीच्या तोंडाला थापलं. चारू, ती अशी किंचाळली की शेजारचे धावत आले! पाकिटावर बारीक अक्षरात मसाला लिहिलं होतं म्हणे. मीठ, मिरची, सगळं त्यात. डोळे धुता धुता हौद रिकामा झाला. सासूबाई म्हणाल्या की, हाई ते घोडासनं खानं शे, पोरना तोंडले कसाले लायी ऱ्हायनी? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांनी म्हणे असलाच दाणा पाहिला होता. जिजाजी हसले. मी ताट आपटलं.

दत्तजयंतीला तळोद्याचे पाहुणे सारंगखेड्याच्या यात्रेला येणार आहेत, तिथून रोशनीला बघायला आपल्याकडे. मुलगा धीरज, बँकेत आहे. तोवर हा चेहरा नीट झाला पाहिजे. या वेळी सल्ला पूर्ण पाठव.

लोभ असू दे. रागाची काळजी करू नकोस, तो माझ्याकडे पुष्कळ आहे.
तुझी,
मंगलाताई


मोलगी,
दि. ३० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
चारूचा नमस्कार, कपाळाला हात लावून. वि. वि.

मसाला ओट्स! अगं ताई, नाश्त्याचं पाकीट तोंडाला कोण लावतं? जिजाजींना सांग, साधे ओट्स आणा, ज्यात ओट्सशिवाय काहीही नाही. ते मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक कर. कोमट पाण्यात भिजव, फडक्यातून गाळ. ते दुधासारखं पाणी गार झालं की मऊ कापडानं गालांवर हलकं टेकव. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघ. नंतर साध्या पाण्यानं धू आणि कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं साधं क्रीम लाव. घासायचं नाही. साबण, लिंबू, बेसन काही नको. थंडीनं इथं कोरड्या कातडीचे खूप पेशंट येतात. आमचे डॉक्टर त्यांना हेच सांगतात. ओट्सनं खाज शमते, कातडी मऊ राहते. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, आपल्या दादर ज्वारीच्या पिठाचं मला ठाऊक नाही, आणि ओट्सनं माणूस गोरं होत नाही.

पण ताई, मला एक कळत नाही. थंडीनं हातपाय उलतात, ओठ फुटतात. फक्त गालच असे लालबुंद कसे होतील? रोशनी काय लावत होती? खरं सांग. आणि ओट्सच्या भरवशावर बसू नकोस, तिला नंदुरबारला कातडीच्या डॉक्टरकडे ने. पाहुण्यांच्या आधी ने.

उत्तर लवकर दे, नाहीतर मीच जीपमध्ये बसून भांडायला येईन.
तुझी,
चारू


म्हसावद,
दि. २० डिसेंबर २०२४

ती. मावशीस,
रोशनीचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून आईनं ते पिठाच्या डब्यामागे सारलं, म्हणून मी लिहिते.

दिवाळीत धीरजची आत्या आमच्याकडे येऊन गेली. पोरगी शिकलेली आहे, क्लासमध्ये शिकवते, सगळं छान, फक्त रंग जरा उजळ हवा होता, असं म्हणाली. दुसऱ्याच दिवशी आईनं ब्यूटी पार्लरमधून एक ट्यूब आणली. मी नको म्हटलं, ती रडली, मी लावली. आधी चेहरा खरंच उजळला. मग एक दिवस लावायचं राहिलं तर आग आग झाली. पुन्हा लावली की बरं, सोडली की आग. मला स्वतःच्याच तोंडाची भीती वाटायला लागली होती, मावशी.

शेवटी बाबांनीच मला नंदुरबारला नेलं. डॉक्टर म्हणाले की, ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे, कुणालाही न विचारता लावायची गोष्ट नव्हे. औषधं दिली. तुझ्या ओट्सच्या पाण्याला हो म्हणाले, पण त्यानं आराम पडेल, झालेलं नुकसान एकट्या त्यानं भरून निघणार नाही, महिने लागतील असंही म्हणाले. रोज ते पाणी मीच करते. टेकवलं की गाल थंड होतात आणि जरा झोप लागते.

मग पाहुणे आले. आईनं पावडरचा डबा पुढे केला, मी हात लावला नाही. तशीच लाल तोंडानं चहा घेऊन गेले. आत्यानं बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं की, हे असं कायमचं आहे का, असेल तर आत्ताच सांगा. धीरज मान खाली घालून बिस्कीट खात राहिला. मला वाटलं आई आता सारवासारव करणार. तर ती उठली. म्हणाली की, ट्यूब तुमना बोलनावरून मीच आनी, मीच लायी. पन आते बस. मन्ही पोरनं तोंड शे हाई, भित नही रंग देवाले! मग त्यांचे कप उचलून आत गेली. धीरजचा चहा अजून संपला नव्हता.

रात्री मात्र ती बाबांवर, आजीवर, माझ्यावर सगळ्यांवर चिडली. स्थळ हातचं गेलं म्हणून. तू तिला काही बोलू नकोस.

माझ्यावर माया आहेच, जरा आईवरही कर.
तुझी,
रोशनी


म्हसावद,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चारूस,
आशीर्वाद. वि. वि.

तू मला काही बोलली नाहीस, याचाच मला जास्त राग आला. बोलली असतीस तर भांडून मोकळी झाले असते.

तळोद्याहून नकार आला. मध्यस्थाकरवी आला, वर पोरीची आई तोंडाळ आहे असा निरोपही आला. असू दे. पार्लरमध्ये जाऊन मी तोंडाळपणा आणखी थोडा केला, पार्लरवाली त्या ट्यूबा काढून टाकल्यात म्हणते. मला भरवसा नाही, पुन्हा जाऊन बघणार आहे.

रोशनीचे गाल आता शांत आहेत. डॉक्टरांनी औषध कमी केलंय. काल ती न्हाऊन अंगणात केस वाळवत बसली होती. लाली गेलेली, पांढुरकी झाक गेलेली. शेजारची कालीबाई ताक द्यायला आली, थबकली, आणि म्हणाली की पोरगी अगदी मंगलावर गेली.

चारू, तुला आठवतं ना, लहानपणी पाहुणे यायचे तेव्हा तुला पुढे करायचे आणि मला चुलीपाशी ठेवायचे? माझ्यासारखी दिसते, हे वाक्य पोरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी तिचं तोंड भाजलं. मी घाबरून तिच्याकडे बघितलं. तर ती केस झटकत कालीबाईला म्हणाली की, मग, कोणावर जाणार?

मी ताकाचं भांडं घेऊन आत आले आणि उगाचच तुझ्या जिजाजींवर ओरडले.

सुट्टी काढून ये. पत्रातून भांडून माझं पोट भरत नाही.
तुझी,
मंगलाताई