जिन्याकडे उघडणारी खोली

दादा,

आता तिकडेच राहणार, हे मला सांगून तू मोकळा झालास आणि आईबाबांना सांगायचं माझ्या गळ्यात मारलंस. छान!

इथे माझा जीव मेटाकुटीला आलाय. दिवसभर वकिलांच्या ऑफिसात इंटर्नशिप, म्हणजे घरांच्या वाटण्यांच्या फायली लावायच्या आणि एकमेकांचे गळे धरणाऱ्या भावंडांना चहा द्यायचा. वकिली सोडायचं मी पक्कं केलंय. घरी अजून बोलले नाहीये. संध्याकाळी विकत घ्यायला घरं बघायची. बाबांना तिसरी खोली हवीच, तीही जिन्याकडे वेगळं दार असलेली. तुझ्यासाठीच, आणखी कोणासाठी? रात्री-अपरात्री उगवायची सवय तुझीच ना! त्या दारापायी चांगली चांगली घरं हातची गेली.

आज एकदाची तशी खोली मिळाली. बाबा टेपने भिंत मोजायला लागले आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दादा परत येणार नाहीये! कोणासाठी मोजताय?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. बाबांनी टेप गुंडाळली.

"ते आम्हाला केव्हाच कळलंय गं. ही तुझ्या ऑफिसची खोली. तुझे पक्षकार काय स्वयंपाकघरातून आणायचे?"

मग आईने विचारलं, टेबल कुठे ठेवशील?

"खिडकीपाशी," मी म्हटलं.

आता तुला कुठल्या तोंडाने झापू? हे पत्र राहू दे माझ्याकडेच.

तुझ्यासारखीच गप्प,
वकीलबाई