अ‍ॅव्हरेज पडतंय

९ फेब्रुवारी, सोमवार

पाच पॉइंट एक. परत!

दोन घोडे, तोच ट्रेलर, तोच रस्ता — तबेल्यापासून टेकडीवरच्या मैदानापर्यंत आणि परत. याच खेपेला ही पिकअप लिटरला साडेसात द्यायची. रिकामी असली की अकरा. चौदा वर्षांची आहे, पण दोन घोडे ओढताना कधी कुरकुर नाही केली. आता नुसती डिझेल पितेय.

डिझेल फिल्टर बदलला. एअर फिल्टर बदलला. इंजेक्टर काढून तपासून आणले. टायरची हवा रोज बघतो. ट्रेलर जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरवली — एका बोटाने फिरतात. मग जातंय कुठे?

जेवताना दादा म्हणाला, म्हातारी झाली रे ती आता. तो चालवतो, मी दुरुस्त करतो — बावीस वर्षं आमचं असंच चाललंय. पण गाडीला तो कधी म्हातारी म्हणाला नव्हता. घास तसाच राहिला हातात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुढचे ब्रेक पॅड संपले. वर्षात तिसऱ्यांदा! पूर्वी एक जोडी दीड वर्ष जायची.

पॅड दाबणारे कॅलिपर खोलले. पिस्टन मोकळे, पिना मोकळ्या, कुठे अडकण्याचं नाव नाही. घासल्याशिवाय पॅड झिजत नाहीत आणि घासण्याचं कारण सापडत नाही. ऑइलात हात घालून एकतीस वर्षं झाली, आणि आज घरच्याच गाडीपुढे अडाणी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तबेल्याच्या बाईंचा फोन आला. दादाला नाही, मला. काल पांढरी घोडी ट्रेलरमधून उतरली ती थरथरत. अंगाला फेस. गुडघा सोललेला, म्हणजे आत पडली असणार. तुमचे भाऊ असे नव्हते हो चालवत, म्हणाल्या.

मी म्हटलं, गाडी झटके देतेय. दादाचं काही नाही.

महिनाभर बघते, म्हणाल्या. मग दुसरं कुणी शोधावं लागेल. आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांचं. चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात, वाईट वाटून बोलल्या.

दादाला अर्धंच सांगितलं. घोडी पडली हे गाळलं. त्याने विचारलंही नाही.

१ मार्च, रविवार

शेवटी तोंडातून काढलंच. गाडी विकू या.

मला वाटलं होतं, दादा अंगावर येईल. सकाळपासून मनात उत्तरं जुळवून ठेवली होती — सुटे भाग मिळत नाहीत, अ‍ॅव्हरेज पडतंय, घोड्यांचं काम जाईल. एकही लागलं नाही. तो बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता. मग म्हणाला, वीक.

वहिनी गाडीला ‘माझी सवत’ म्हणते. लग्नाच्या वाढदिवसाला दादा घरी नसायचा, गाडीवर असायचा, तेव्हापासून. विकायचं ठरलं म्हटल्यावर मला वाटलं हसेल. ती उठून आत गेली, आणि परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

८ मार्च, रविवार

नेली. नर्सरीवाला आहे, रोपं आणि मातीची पोती ओढायला हवी होती त्याला. भला माणूस वाटला. मी त्याला खरं ते सांगितलं — डिझेल जास्त खाते, ब्रेक लवकर जातात, कारण मला सापडलेलं नाही. म्हणाला, चालेल, मी बघून घेईन.

दादाने डॅशबोर्ड फडक्याने पुसला. मग नर्सरीवाल्याला सांगत बसला — थंडीत दुसरा गिअर जरा थांबून टाका, डावीकडची काच हाताने आधार देऊन वर करा. मुलीची पाठवणी करताना सांगतात तसं. किल्ली देताना एक पाऊल पुढे टाकायला गेला आणि अडखळला. मी धरलं. म्हणाला, काही नाही, दगड होता.

अंगण मीच सकाळी झाडलं होतं. दगड नव्हता. पण तेव्हा मी गाडीकडे बघत होतो.

२२ मार्च, रविवार

नवी पिकअप. म्हणजे वापरलेलीच, पण तीनच वर्षांची. इंजिन स्वतः ऐकून घेतलं. आठ द्यायला हवेत हिने, ट्रेलरसकट.

पहिली टाकी, दादाच्या हातात — पाच पॉइंट सहा.

दादा म्हणाला, हात बसायचाय अजून.

२ एप्रिल, गुरुवार

पाच पॉइंट चार.

६ एप्रिल, सोमवार

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी नर्सरीवाल्याचा फोन. मला वाटलं, तक्रार. मनाशी माफी जुळवत होतो. तो म्हणाला, अहो, तुम्ही काय घाबरवलंत मला! मातीची पोती भरलेला ट्रेलर ओढतेय आणि साडेसात देतेय. महिना झाला, ब्रेक पॅड जसेच्या तसे. काय झकास ठेवली होती गाडी, आभार मानायला फोन केला.

मी हो हो म्हटलं. फोन ठेवला आणि पान्ह्यांच्या पेटीवर बसलो.

दोन गाड्या. दोन्ही दादाच्या हातात तेवढंच पितात. जुनी दुसऱ्याच्या हातात गेली आणि बरी झाली.

गाडीत सगळं तपासलं मी. सगळं! सीटवर बसलेला माणूस सोडून.

७ एप्रिल, मंगळवार

इंजिनचा आवाज ऐकायचाय म्हणून मी शेजारी बसलो. दादाला ते आवडलं नाही, पण नाही म्हणाला नाही. मागे एकच घोडा, पांढरी घोडीच.

चढावर काही कळलं नाही. फक्त इंजिन उगाच ओरडत होतं. वरच्या मैदानावरून परत उतरायला लागलो, तेव्हा दिसलं. दादाने ब्रेक दाबला — गाडी दबली — पण इंजिनचा आवाज कमी होण्याऐवजी चढला. मी खाली वाकून बघितलं. त्याचा उजवा बूट आडवा पडला होता. अर्धा ब्रेकवर, अर्धा अ‍ॅक्सिलरेटरवर. दोन्ही एकदम दाबत होता तो. वर्षभर असंच दाबत असणार. डिझेल तिथे जात होतं. पॅड तिथे झिजत होते.

मी म्हटलं, दादा, पाय बघ.

त्याने मान खाली घालून बघितलं. स्वतःचा पाय कुठे आहे हे कळायला त्याला बघावं लागलं!

तेवढ्यात वळण आलं. त्याने घाईने पाय उचलून परत टाकला, तो पुरता अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी उसळली. मागून ट्रेलर ढकलत होता. स्टिअरिंगशेजारी ट्रेलरच्या ब्रेकची कळ असते, ती मी हाताने पूर्ण ओढली आणि ‘पाय वर घे’ म्हणून ओरडलो. ट्रेलर धरला. गाडी खडीवर घसरत कडेच्या दगडांना टेकून थांबली. खाली शंभरेक फूट काही नाही.

आधी घोडीकडे धावलो. उभी होती. थरथरत होती, पण उभी होती. मग दादा उतरला, दाराला धरून.

‘कधीपासून?’

‘मागच्या वर्षीच्या हिवाळ्यापासून. आधी अंगठा बधिर झाला. मग तळवा. आता पाय माझा वाटतच नाही.’

‘मग गाडी का विकू दिलीस?’

त्याने ट्रेलरची साखळी ओढून बघितली.

‘तू तिला दोष देत होतास. ती काही उलटून बोलणार नव्हती.’

परत मी चालवली.  बाईंना सगळं सांगितलं, दादासमोर. त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, आधी डॉक्टरकडे जा.

८ एप्रिल, बुधवार

वहिनीला माहीत नव्हतं. दोन बूट झिजवले त्याने पुढून पाय घासत, तिला वाटलं निकृष्ट माल.

का लपवलं, तेही आज बोलला. आमचे बाबा सहा वर्षं अंथरुणात होते, कमरेखाली काही नाही. त्यांचं सगळं दादाने केलं. मी तेव्हा दुसऱ्या गावी गॅरेजात शिकत होतो. डॉक्टर तेच सांगतील म्हणून हा गेलाच नाही.

 त्या सहा वर्षांत मी आठ वेळा घरी आलो होतो.

१४ एप्रिल, मंगळवार

मोठ्या हॉस्पिटलात गेलो. मेंदू-मणक्याच्या डॉक्टरीणबाई. वयाने दादाची मुलगी शोभतील एवढ्या. कधीपासून, असं विचारल्यावर दादा म्हणाला, असतील दोन-तीन महिने.

मी डिझेलची वही पुढे केली. सवयीने पिशवीत घेतली होती. दर टाकीची तारीख, किलोमीटर, अ‍ॅव्हरेज. साडेसातच्या खाली पहिल्यांदा कधी गेलं? मागच्या वर्षी जानेवारीत — सात पॉइंट एक. मार्चात सहा पॉइंट आठ. ऑगस्टात सहा. एकाखाली एक.

बाई पानं उलटत राहिल्या. म्हणाल्या, पंधरा महिने. मग म्हणाल्या, आजाराची इतकी नीट नोंद मला कुणी आणून दिली नव्हती.

कौतुकानेच म्हणाल्या. मला भिंतीत शिरावंसं वाटलं. पंधरा महिने माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी वाचून इंजेक्टर काढले.

टाचणी टोचली. दादा छताकडे बघत होता. उजव्या पायाला सात वेळा टोचली, तो विचारतोय, सुरू करताय ना?

२० एप्रिल, सोमवार

स्कॅन आला. पाठीच्या कण्यात गाठ आहे. जात वाईट नाही, हळू वाढणारी आहे, पण मज्जारज्जूवर बसलीय. काढावी लागेल. नाही काढली तर दोन्ही पाय जातील. काढली तर गेलेलं परत येईलच असं नाही.

‘वर्षभर आधी आला असतात, तर मी जास्त खात्रीने सांगू शकले असते,’ बाई म्हणाल्या.

बाहेर येऊन दादा मला म्हणाला, तोंड का पाडलंस, गाठ मला आहे. मी हसलो नाही.

२९ एप्रिल, बुधवार

काल ऑपरेशन झालं. पाच तास. गाठ निघाली पूर्ण. आज शुद्धीवर आहे. डावा पाय हलवतो. उजवा हलतो थोडा, पण त्यात जीव नाही.

९ मे, शनिवार

परत टाचणी. परत काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू या. किती, ते नाही सांगितलं.

११ मे, सोमवार

आज पहिली खेप मी नेली. दोन घोडे. तबेल्याच्या बाईंनी काम काढून घेतलं नाही, तुम्हीच या म्हणाल्या. घोडे उतरले ते शांत, एकाने तर उतरता उतरता गवताला तोंड लावलं. बाई म्हणाल्या, आता बरं वाटलं बघून.

सात पॉइंट नऊ.

दीड वर्ष हाच आकडा शोधत होतो. आज वहीत लिहिताना हात उचलेना. असं वाटलं, मी त्याची जागा चोरली आणि वर शाबासकी घेऊन आलो.

१२ मे, मंगळवार

भेटीच्या वेळेत गेलो. दादाने विचारलं, किती दिलं? मी म्हटलं, साडेपाच. अजून दोष आहे कुठेतरी.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘तुला खोटं कधी जमलं नाही. किती दिलं?’

‘सात नऊ.’

त्याने मान हलवली. भिंतीकडे कूस वळवली — वळवायला नर्सला बोलवावं लागलं. मी पाठीला हात लावून बसलो. पट्टीच्या वर, जिथे दुखत नाही तिथे.

१९ मे, मंगळवार

नर्सरीवाल्याला विचारलं, जुनी परत देता का. दादा घरी येईल तेव्हा दारात दिसावी, एवढंच मनात होतं. म्हणाला, एवढी चांगली गाडी कोण परत देतं हो?

खरं आहे. मीच तिला बदनाम करून दिली होती. तो माणूस रागावला नाही, उलट म्हणाला, भावाला घेऊन या, बघायला.

२६ मे, मंगळवार

दादा घरी. वॉकर घेऊन खाटेपासून दारापर्यंत. उजवा पाय डोळ्यांनी बघून टाकतो. बघितलं नाही की मुडपतो. वहिनी मागे चालते, हात न लावता, पण दोन्ही हात पुढे करून.

आज त्याने आपणहून लायसन्स काढून दाराला लागूनच्या गॅरेजात माझ्या टेबलावर ठेवलं.  पान्ह्याखाली ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून.

मी ते खणात टाकलं. खण लावून घेतला, आणि तिथेच टेबलावर डोकं टेकून रडलो. गॅरेजचं शटर उघडंच होतं. येणारे-जाणारे बघत असतील.

७ जून, रविवार

टाचणी. नाही.

८ जून, सोमवार

आठ पॉइंट शून्य. दादाने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१९ जून, शुक्रवार

सकाळी खेपेला निघताना घरात डोकावलो. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा, वॉकर धरून, अनवाणी. चपला घातल्याशिवाय उठायचं नाही असं सांगितलंय, म्हणून वहिनी रागवायला वळली, तर तो समोर भिंतीकडे बघत, अगदी सावकाश म्हणाला, ‘फरशी गार आहे.’

आम्ही दोघंही जागच्या जागी.

‘कुठल्या पायाला?’ मी विचारलं.

त्याने खाली बघितलं नाही.

‘उजव्या.’