गाडीतून दाखवलेलं बिस्कीट

गोजर, अंदमानातून तुझ्या अक्काचे लई आशीर्वाद.

गाडीत सगळ्यांच्या आधी आली ती अंबडची मास्तरीणबाई, खिडकी धरायला. मंग दुसरी खिडकी मी धरली. नातवानं, परमेश्वरनं, एवढा खर्चा केला तर बघावं म्हणलं. समिंदर लई निळा हाय. माझा गुडघा बराबर हाय.

पुढं जंगलाचा रस्ता लागला. गाईड म्हणला, "आजी, इथं जंगलातली माणसं राहतेत. त्यायला काही द्यायचं न्हाई." तेवढ्यात एक बाई लेकरासंगं रस्त्याच्या कडेला दिसली. सगळी गाडी माझ्या अंगावर वाकली. मी काचेला बिस्कीट लावून 'ये, ये' केलं. तिनं लेकराला पाठीमागं ओढलं.

आपली मेंढरं अंबडच्या रस्त्याला बसायची, तवा एसटीतले लोक असेच फुटाणे दाखवायचे. आई तुला अशीच मागं ओढायची. मला ते आधी आठवलंच न्हाई गं. लई लाज वाटून राह्यली. फोनवर बोलवंना, म्हणून लिहिलं. परमेश्वरला सांगू नको.

तुझी बीपीची गोळी चालू हाय ना? शेळी व्याली का?

गाडीतले म्हणतेत, ती माणसं नीट दिसली न्हाईत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी परत येऊ. मी न्हाई म्हणलं.

तुझी अक्का,
गोपिका