वकिलांमार्फत भाऊबीज

मैलापूर, भाऊबीज, २००७

प्रिय क्षितिज,

बाबांच्या फ्लॅटच्या वादावरून आपण कोर्टात गेलो, तेव्हापासून तुझ्याशी थेट बोलायचं नाही, अशी माझ्या वकिलांची ताकीद आहे. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

"सारखे फोन करू नका अम्मा, सगळे प्रश्न एकदम लिहून आणा, फी वाचेल," असंही ते सांगतात. परवा तसा कागद नेला. शेवटचा प्रश्न होता : भाऊबिजेला क्षितिज येईल का?

त्यांनी चष्मा काढला. "विचारू की. पण त्यांच्या वकिलांना वेगळं पत्र जाईल. त्याची फी वेगळी."

मी ती ओळ खोडली. वकिलांमार्फत बोलावून तुला ओवाळू का रे?

भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात, म्हणून आज तिन्हीसांजेला ताट घेऊन गच्चीवर गेले. पण इथला नोव्हेंबर तुला ठाऊकच आहे, आभाळ गच्च भरलेलं. मग तुझ्या अंबत्तूरकडे तोंड करून ओवाळावं म्हटलं, तर ते कुठल्या बाजूला, तेच कळेना. निरांजन विझेपर्यंत नुसती उभी राहिले.

कोर्टाच्या कागदांवर तुझी वादी,
घरात अजून ताईच