देव नसल्याचा दाखला

३ ऑगस्ट, रवि.
निषेध नोंदवून ठेवतो. माझ्या चहाच्या कपाच्या बुडाशी काल घातलेला दाखल क्रमांक आज सकाळी घासून काढलेला आढळला. क्रमांक रीतसर होता. आधी पारदर्शक वार्निशाचा थर, त्यावर बारीक काळे आकडे, वर पुन्हा थर. गृहपाठच तसा होता: घरातल्या पाच वस्तूंची संग्रहालयासारखी नोंद करा. संशयित एकच. सु. ने गुन्हा लगेच कबूल केला. म्हणे खरकटं वाटलं, तारेने घासलं.
मी म्हटलं, वस्तूची ओळख पुसलीस. ती म्हणाली, "कप होता, कपच आहे. प्या."
बावन्नाव्या वर्षी संग्रहालयशास्त्रात एम.ए., तेही ऑनलाइन. आठवडाभर वार्ताहर, रविवारी विद्यार्थी. चिंचवडच्या ऑफिसात संस्कृतच्या जुन्या एम.ए.मुळे मला शास्त्रीबुवा म्हणतात. आता काय म्हणतात ते माझ्यासमोर म्हणत नाहीत, त्यावरून कल्पना येते.
वस्तू संग्रहात घेण्याला पाठ्यपुस्तकात 'परिग्रहण' म्हटलंय. संस्कृतात परिग्रह म्हणजे स्वीकार, मालमत्ता, आणि बायकोसुद्धा. हे सु. ला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने तार उचलून दाखवली.

१० ऑगस्ट, रवि.
वर्ग. मॅडमच्या मागे कायम एक ग्रंथालय दिसतं. तीन महिने झाले, एक पुस्तक जागचं हललेलं नाही. पडद्यावरचं चित्र असणार.
सत्राचा मोठा प्रकल्प दिला. कुठल्याही संग्रहालयात, कुठल्याही यादीत नाही अशी एक जुनी वस्तू शोधायची. फोटो, मापं, जागेचे अक्षांश-रेखांश, इतिहास, आणि शेवटी स्पष्ट निष्कर्ष: वस्तू काय आहे. सगळे अहवाल सगळ्यांना दिसतील. म्हणजे वर्गातल्या प्रत्येकाने एकेका बेवारस वस्तूचा पत्ता चव्हाट्यावर मांडायचा. चोराची इतकी सोय कोण करतं, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. गुण त्यांच्या हातात.
वर्गात एकजण नुसता 'गेस्ट' नावाने येतो. कॅमेरा बंद, माइक बंद, खाली लिहून प्रश्न विचारतो. प्रश्न फार चांगले असतात. मला न आवडण्याचं कारण बहुधा तेच.
माझी वस्तू ठरली. ज्ञानाच्या वाडीतला दगड.

१५ ऑगस्ट, शुक्र.
सुट्टी, म्हणून ज्ञाना घरी. ज्ञाना चाकणला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट. कुठे कामगार बसले, कुठे अपघात झाला, हे सगळ्यात आधी तो कळवतो. दहा वर्षांत त्याची एक बातमी खोटी निघाली नाही. वाडी चाकणच्या पुढे, तीन बाजूंनी गोदामं, चौथ्या बाजूला ज्ञानाच्या भावकीचं रान.
दगड त्याच्या बांधावर. कमरेएवढा उंच, शेंदराचं कवच इतकं जाड की आत काय आहे ते फक्त खांद्यांवरून कळावं. वर कलश असावा. कडेला एका गाईचं शिंग तेवढं उघडं. बघताक्षणी ओळखलं: वीरगळ. गाई राखताना मारला गेलेला कुणीतरी, त्याच्या आठवणीचा दगड. शाळेच्या पुस्तकासारखा शुद्ध नमुना.
ज्ञानाची चुलती कोंडाबाई दर अमावास्येला त्याला तेल-शेंदूर घालते. त्याला वीरबाबा म्हणते. मी मापं घेताना पदर सावरून शेजारी उभी. टेप देवाच्या छातीवरून गेली तेव्हा म्हणाली, "कापडं शिवताय का काय सर, बाबाला?"
भाकरी, ठेचा. पोटभर.
ज्ञाना मात्र आज फार आस्थेने चौकशी करत होता. आत नक्की काय आहे, सरकारात याला काय म्हणतात. आजवर त्याने त्या दगडाकडे पाठ करून मोबाइलच बघितला आहे. माणसाला उशिरा का होईना ओढ लागते, असं मनाशी म्हटलं.

२० ऑगस्ट, बुध.
साप्ताहिक सुट्टी. ज्ञानाचा काल फोन: सर या, देव साफ केलाय, आता सगळं दिसतंय.
खरंच दिसत होतं. खालच्या चौकटीत गाई, ढाल, पडलेला गडी. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही हातांना धरून वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच, आता शांत. अप्सरांच्या नाकापर्यंत शाबूत. साठ-सत्तर फोटो काढले. इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.
कोंडाबाई नव्हती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रहाटणीला लेकीकडे. म्हणजे या अमावास्येला शेंदूर नाही.
कवच कुणी काढलं, विचारलं. ज्ञाना म्हणाला, आपोआप सुटलं, देव कधी कधी कवच सोडतो. सोडतोही. पण दगडावर खरवडल्याच्या ताज्या रेघा होत्या. अहवालात 'अलीकडचे ओरखडे, कारण अज्ञात' असं लिहिणार आहे.

३१ ऑगस्ट, रवि.
अहवाल पाठवला. फाइलचं नाव देवनागरीत स्वीकारत नाहीत, यावर पोर्टलशी अर्धा तास झुंज. हरलो.
शेवटचं वाक्य चार वेळा घासलं. अंतिम रूप: 'स्थानिक लोक या शिळेची देव म्हणून पूजा करतात, तथापि ही देवमूर्ती नसून स्मारकशिळा (वीरगळ) आहे.' तथापि फार जागच्या जागी बसलाय.

५ सप्टेंबर, शुक्र.
ज्ञाना ऑफिसात. अहवालाची प्रत पाहिजे, म्हणे आठवण म्हणून घरात ठेवतो. काढून दिली. सही मागितली, केली. मग म्हणाला, सर, तुमचा तो प्रेसचा शिक्का पण मारा, भारी दिसतो. मारला. आमच्या ऑफिसात माझं लिखाण कुणी मागून नेल्याची ही पहिलीच वेळ.
सु. म्हणाली, त्याला वीरगळ काय करायचाय? मी म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत संशय.

१४ सप्टेंबर, रवि.
सादरीकरण. मॅडम खूश, निष्कर्षाच्या नेमकेपणाचं कौतुक. वर्गात सर्वोच्च श्रेणी मला.
गेस्टचे प्रश्न: वजन अंदाजे किती? जमिनीत किती खोल आहे? उचलताना मधून तुटेल का?
हे प्रश्न इतिहासाचे नाहीत. नाव-गाव कळवा असं खाली लिहिलं. उत्तर नाही.

१८ सप्टेंबर, गुरु.
दगड गेला.
चाकणला एका कंपनीच्या गेटसभेची बातमी होती, परतताना सहज वाडीत वळलो. बांधावर खड्डा. बाजूने हायड्राच्या चाकांचे खोल ठसे, म्हणजे क्रेन आणून नीट उचललाय. खड्ड्याच्या काठावर विझलेली पणती आणि तेलाचा डाग. कोंडाबाई परत आलेली दिसते. आणि खड्ड्यालाही दिवा लावतेय.
तिच्या दाराशी जायचं धाडस झालं नाही. ज्ञानाचा फोन बंद. शिफ्टला असेल.
घरी आल्यापासून संशयितांची यादी करतोय. (१) गेस्ट. चारच दिवसांपूर्वी वजन विचारलं होतं. (२) मॅडम. तो पडदा. (३) एक्सप्रेसवेच्या कडेला फार्महाउस बांधणारे, ज्यांना हिरवळीवर जुना दगड हवा असतो. ज्ञानाचं नाव यादीत घातलं नाही. सु. ने वाचली आणि विचारलं, "एक नाव राहिलं ना?" मी म्हटलं, ज्ञाना तसा नाही. ती म्हणाली, मी ज्ञानाचं म्हणत नव्हते. आणि चपात्या लाटत राहिली.

२१ सप्टेंबर, रवि.
वर्गात मीच उघड बोललो. माझी शिळा चोरीला गेली आहे, आणि वजन विचारणाऱ्यांनी कृपया कॅमेरा सुरू करावा.
मग कॅमेरा सुरू झाला. परभणीकडच्या एका शाळेतल्या क्लार्कबाई, वय माझ्याएवढंच, मागे गॅस आणि कुकर. रविवारी पाहुण्यांचा स्वयंपाक असतो म्हणून कॅमेरा बंद, मुलाच्या मोबाइलवरून येतात म्हणून नाव गेस्ट. त्यांच्या गावात अशीच एक शिळा ओढ्याकाठी आडवी पडली आहे. ती उभी करायची आहे, म्हणून वजन.
मी माफी मागितली. त्यांनी ती चटकन स्वीकारली, तेच जड गेलं. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडं रस्ता रुंद करताना दुसरी एक होती, सर. लोक म्हणले देव आहे. तर रस्त्यानं वळण घेतलं. मला ठाऊक होतं वीरगळ आहे म्हणून. मी कुणाला सांगितलेलं नाही."
मॅडम म्हणाल्या, हा व्यावसायिक नीतीचा छान मुद्दा आहे, पुढच्या वेळी घेऊ.

२२ सप्टेंबर, सोम.
ज्ञानाला कंपनीच्या गेटवर गाठलं, शिफ्ट सुटताना. तोंड चुकवेल वाटलं होतं. उलट हसत आला, चहा सांगितला.
सगळं त्याने सरळ सांगितलं, चोरून केल्यासारखं काहीच नाही. रान गोदामवाल्याला द्यायचं ठरतंय. पण बांधावर देव, म्हणून पार्टी मागे हटत होती. आणि देव हलवायला भावकी तयार नव्हती. दोन वर्षं अडलं होतं. मग भावकीची बैठक झाली, त्यात त्याने माझा अहवाल वाचून दाखवला. शेवटचं वाक्य दोनदा.
"तुमच्याच कागदानं मिटलं सर. सही-शिक्का बघितल्यावर म्हातारी मंडळीपण गप बसली. देव न्हाईच म्हटल्यावर काय राहिलं?"
दगड कुठे आहे, विचारलं. गोदामवाल्याची माणसं उचलून गावच्या देवळाच्या आवारात ठेवणार होती. मी म्हटलं, इकडे येण्याआधी वाडीत शोधत देवळातही जाऊन आलो, तिथे नाही. त्यावर तो पहिल्यांदा गोंधळला. म्हणाला, विचारतो. कप खाली ठेवला, चहा अर्धा तसाच.
शेंदूर त्यानेच खरवडला होता, मला नीट वाचता यावं म्हणून. हेही त्याने लपवलं नाही. त्या दिवशी ओरखडे मी पाहिले होते. दहा वर्षं लोकांना खोदून प्रश्न विचारायची नोकरी केली, आणि त्या एका दिवशी विचारलं नाही, कारण फोटो चांगले येत होते.

२४ सप्टेंबर, बुध.
ज्ञानाचा फोन. गोदामवाला म्हणतो ड्रायव्हरला माहीत, ड्रायव्हर म्हणतो तळेगावच्या बाजूला एका ठिकाणी उतरवला, नेमकं आठवत नाही. ज्ञानाचा आवाज खाली गेलेला. त्याला खरंच देवळात ठेवायचा होता, असं वाटतं. वाटतं एवढंच लिहितो.
तक्रारीचा मसुदा करायला बसलो. वस्तूचं वर्णन, फोटो, पुरावा. पुरावा म्हणून जोडायला माझ्याकडे एकच कागद आहे. तोच. बातमीही करता येईल. दुसऱ्या कुणी असा कागद दिला असता तर मी कधीच केली असती, आणि देणाऱ्याचं नाव पहिल्या परिच्छेदात घातलं असतं.

२७ सप्टेंबर, शनि.
कोंडाबाई घरी आली. पुतण्याला न सांगता, बस बदलत, डोळ्यावर हिरवं कापड. सु. ने पाटावर बसवलं, तिने चहा घेतला, कप खाली ठेवताना उलटा करून बुडाशी बघितला. भांड्यावरचं नाव बघायची सवयच असावी.
रागावली नाही. रागावली असती तर उत्तरं तयार होती. ती म्हणाली, तिला वाचता येत नाही, पण कागदाने गेलेली वस्तू कागदाने परत येते हे तिला माहीत आहे, सातबाऱ्याचं तसंच होतं. एकदा चुकीचं नाव चढलं होतं, दुसऱ्या कागदाने उतरलं.
"आता दुसरा कागुद लिवा, सर. त्यो देव हाय म्हून. शिक्का मारा. म्हंजी आणत्याल."
मी समजावायला लागलो. चौदाव्या-पंधराव्या शतकातली शिळा, गाई राखणारा वीर, हा मोठाच मान आहे, देव नसला तरी. ती ऐकत होती. मग म्हणाली, "व्हय. गाई राखताना मेला. ते आमाला ठावं हाय. म्हून तर देव."
सु. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.
उद्या देतो म्हटलं.

२८ सप्टेंबर, रवि.
वर्ग बुडवला. समोर कोरा कागद, शेजारी शिक्का. 'देवमूर्ती आहे' हे मला लिहिता येत नाही, ते खोटं आहे. 'वीरगळ आहे' हे लिहून झालंय. कालपासून कोंडाबाईच्या त्या वाक्याचा अन्वय लावतोय. वाक्य उलटं फिरवलं की 'म्हणून तर' हे 'तथापि'च्या जागी चपखल बसतं ('ही स्मारकशिळा (वीरगळ) आहे, म्हणून तर स्थानिक लोक तिची देव म्हणून पूजा करतात'), आणि मग माझ्या वाक्यात एकही शब्द खोटा उरत नाही. पण असा कागद कोण मानतं? पोलीस मानणार नाहीत, मॅडम मानणार नाहीत, गोदामवाल्याचं तर त्यात काही अडतच नाही.
संशय घ्यायला आता कुणी उरलं नाही. खरी काळजी लिहून टाकतो. दगड बहुधा सापडणार नाही. आणि मला भीती वाटते की डिग्री मिळाल्यावर अशाच दुसऱ्या बांधावर उभा राहीन, टेप काढीन, बरोबर तेच लिहीन, आणि शेजारी उभ्या बाईला पुन्हा काही विचारणार नाही.
सु. ने विचारलं, कोंडाबाईंना काय कळवायचं? ती काल सांगून गेली, चार वाजता शेजाऱ्यांच्या फोनवरून फोन करते. साडेतीन झालेत.