पालखीच्या खांद्याची तयारी

तीर्थस्वरूप मोठ्या भाऊजींना वैशालीचा वाकून नमस्कार.

नेरूळला आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे एक सोडून सगळे उभे आहोत; त्याबद्दल पुढे लिहितेच. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता अंगणापर्यंत काठीशिवाय जाता, हे जाऊबाईंकडून कळलं. जिना मात्र इतक्यात चढू नका, आणि धाकट्या भावजयीने सांगितलं म्हणून रागावूही नका.

या शिमग्याला आपल्या घरातून पालखीला खांदा मिळाला नाही तर मान खालच्या वाडीकडे जाईल, असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हापासून मला चैन नाही. इतकी वर्षं तो खांदा तुम्ही एकट्याने सांभाळलात. आम्ही यायचो, नारळ वाढवायचो, जेवायचो आणि ओल्या काजूच्या पिशव्या घेऊन परत फिरायचो. आता तुमचा गुडघा दुखतो म्हणून घराचा मान जावा, हे मला मुळीच मान्य नाही. (तुमच्या भावाला मान्य होतं, पण त्यांना विचारलं कुणी?) म्हणून ह्यांना मी सीवूड्सच्या जिममध्ये घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी दांडी मारतील याची खात्री असल्यामुळे स्वतःचंही नाव घातलं.

तिथे आमचे लगेच दोन पंथ झाले. ह्यांचं म्हणणं, पालखी जड, तेव्हा जडच उचलायचं. एकदाच उचलायचं, पण असं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. उचलून झालं की उरलेला वेळ हे पंख्याखाली बसून बघणारा कुणी आहे का ते बघायचे. माझं म्हणणं, पालखी नुसती उचलायची नसते, नाचवायची असते, घरोघर न्यायची असते, तेव्हा दम हवा. मी गुलाबी रंगाची पिटुकली डंबेल्स घेतली (ती आधी मला कुणाच्या तरी मुलीची खेळणी वाटली होती) आणि जात्यावर बसल्यासारखी जी सुरू झाले ती थांबेचना. आमचा ट्रेनर प्रितेश, करावे गावातलाच, आरशात स्वतःचा दंड न्याहाळत एकदा म्हणाला, "काकी, तुमी थोरा वजन घ्या. न काका, तुमी वजन कमी करा न जास्त येला मारा." (येला म्हणजे वेळा.) ह्यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं, मी ह्यांच्याकडे. ज्याने त्याने दुसऱ्याला मिळालेला सल्ला तेवढा ऐकला आणि आपापला पंथ चालू ठेवला.

मग ह्यांच्या डोक्यात रंगीत तालमीचं आलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून एक लांबलचक पाइप आणला, त्याला मधोमध तांदळाच्या गोणी बांधल्या, आणि रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर ही पालखी निघाली. पुढे हे आणि प्रितेश, मागे सोसायटीतले दोघे, आणि मोबाइलवर ढोल लावून मी. इथवर सगळं ठीक होतं. पण निघण्यापूर्वी ह्यांनी सवयीने गोणीला झेंडूचा हार घातला, वर नारळ ठेवला आणि हात जोडले! झालं. आता तो तांदूळ राहिला नाही. थोडं नाचल्यावर ह्यांना धाप लागली, मग पाठीत काहीतरी लचकलं, सगळे ओरडू लागले की खाली ठेवा, आणि तुमचे बंधू वाकडे होऊन सांगतायत, "पालखी जमिनीला टेकवायची नाय! बदली खांदा आणा!" बदली खांदा आणणार कुठून? समोरच्या इमारतीतल्या बाई बाल्कनीतून हात जोडून उभ्या होत्या. (देव समजून की मयत समजून, ते मी अजून विचारलेलं नाही.) शेवटी मोबाइल कठड्यावर ठेवला, पदर खोचला आणि मीच खांदा दिला.

भाऊजी, खोटं नाही लिहीत, तो भार अंगावर आला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. दम होता, पण खांदा खाली जाऊ लागला. गुलाबी डंबेल्सनी मला या वजनाची ओळखच करून दिली नव्हती. ह्यांना वजन झेपलं, पण वेळ झेपला नाही. मला वेळ झेपला असता, पण वजन झेपेना. तरी मी खांदा सोडला नाही. पाण्याच्या टाकीचा कट्टा हीच पालखी बसवायची सहाण, असं मी जाहीर केलं, तिथवर पालखी नेली, नारळ वाढवला आणि मगच सगळे सुटले. त्यातल्या थोड्या तांदळाचा संध्याकाळी भात झाला, सोसायटीने प्रसाद म्हणून खाल्ला.

डॉक्टरांनी ह्यांना दळणाचा डबासुद्धा उचलायला मनाई केली आहे. (एवढी निष्ठेने पाळलेली दुसरी आज्ञा मी आमच्या संसारात पाहिली नाही.) पण त्या दिवसापासून जिममधला कार्यक्रम बदलला. काही दिवस जड वजन आणि मोजक्या वेळा, काही दिवस हलकं वजन आणि पुष्कळ वेळा, मध्ये विश्रांती, आणि दोन्ही एकाच दिवशी करायचा हावरटपणा नाही. सुरुवातीला वेणी घालायला हात वर जात नव्हते. आता तोच पाइप गोणीसकट खांद्यावर घेऊन गच्चीला फेऱ्या होतात. तेव्हा चिंता करू नका. आपल्या घरचा खांदा तयार आहे.

देवाला, तुम्हाला आणि जाऊबाईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

आपली,
वैशाली

ता. क. खांदा कुणाचा, ते लिहायचं राहिलं. माझा. मानकऱ्यांच्या बैठकीत तुम्ही तेवढं बोलून ठेवा. बाईने खांदा द्यायची रीत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला म्हणावं, मान घराचा आहे आणि मी त्याच घरची आहे.

ता. क. दुसरा. बैठकीत नाही म्हणाले, तर मला कळवू नका. आमची तिकिटं काढून झाली आहेत.

ता. क. तिसरा. बदली खांद्याचीही काळजी नको. घरात नळ असताना जाऊबाई दिवाळीपासून विहिरीवरून भरलेले हंडे का आणतायत, कधी एकच मोठा हंडा तर कधी लहान कळशीच्या पुष्कळ खेपा, हे तुम्ही अजून त्यांना विचारलेलं दिसत नाही.