निळं जाकीट

आई,

बुसानहून माल्सुनचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, लापशी पोटभर खाते. तुझे गुडघे कसे आहेत? अजून शिंपल्यांसाठी समुद्रात खोल बुड्या मारतेस का?

इस्पितळात ठेवलंय ते दम अडकतो म्हणून. श्वास सोडताना शीळ निघते, पाण्यातून वर आल्यावर तुम्ही बुड्या मारणाऱ्या बायका घालता तश्शी. मी तर कधी बुडी मारलीच नाही. फोटोत छाती स्वच्छ आली. शेजारच्या खाटेवरची आजी म्हणते, "ए पोरी, समुद्र गिळून आलीस का गं?"

मग मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या. मी मान खालीच घातली. त्या म्हणाल्या, "तू सोंग करत नाहीस, मला ठाऊक आहे. घरात अशी शीळ कोण घालायचं?"

मी तुझ्याबरोबर बुड्या मारणाऱ्या गुम्जाताईचं सांगितलं. ती बुडाली तेव्हा मी गिरणीत होते, रडायलाही सुट्टी मिळाली नाही, तेही सांगितलं. रागावू नकोस. त्या रोज येऊन बसतात, तेवढा वेळ श्वास नीट येतो.

पण आई, तुझं पत्र त्यांना वाचून दाखवताना माझ्या लक्षात आलं. ताई गेल्यावर घाबरून अंगातून निघून गेलेला माझा जीव परत यावा म्हणून तू किनाऱ्यावर निळं जाकीट हलवून हाक मारलीस ना? ज्याचं जाकीट, त्याचाच जीव येतो, आणि ते ताईचं होतं. माझं तपकिरी, पेटीत तळाशी आहे. शीळ त्याच आठवड्यापासून आहे.

काल नर्सने नाव विचारलं, तर तोंडातून "गुम्जा" आलं.

तपकिरी घेऊन परत हाक मार. ताईला मात्र ओरडून हाकलू नकोस. खाली फार गार आहे म्हणते.

तुझी धाकटी,
माल्सुन